कस्तुरीचा अंत

मागील अंकी या सदरात ‘मृच्छकटिका’विषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने पत्र पाठविले आहे. पत्र लांब आहे. त्यातला प्रश्न मात्र एकच. शूद्रकासारखा जुन्या काळचा नाटककार ब्राह्मण चारुदत्ताला गणिका वसंतसेना मिळवून देतो, आणि बॉम्बे टॉकीजची सुधारक मंडळी १९३६ साली ‘अछूत कन्या’ काढतात तेव्हा त्यांना ब्राह्मणाच्या प्रतापला फाटकवाल्याची कस्तुरी मिळवून देता येत नाही. तिला आगगाडीखाली घालावे लागते, हे कसे? “करुण शेवट अधिक परिणामकारक होतो, एवढेच याचे कारण असेल काय?” असे त्या पुढे विचारतात.

तेवढेच कारण नसावे असे मला वाटते. परंतु ज्यांनी हा बोलपट पाहिला नाही त्यांच्याकरिता आधी कथा सांगितली पाहिजे.

रात्रीची वेळ. एका रेल्वे फाटकापाशी मोटार थांबते. फाटक बंद, आणि शेजारी एक लहानशी देवळी; तीत देवाची मूर्ती नसून एका स्त्रीची प्रतिमा. ही कोण, या प्रश्नातून मागची सारी हकीकत उलगडते. म्हणजे कस्तुरी मरणार आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या काही क्षणांतच ठाऊक होते. दुखिया हा अस्पृश्य जातीचा फाटकवाला. गावातला ब्राह्मण दुकानदार मोहन याला सर्पदंश होतो, तेव्हा दुखिया जखमेला तोंड लावून विष शोषून घेतो व त्याचा प्राण वाचवितो. तेव्हापासून दोघांची मैत्री जडते. मोहनचा प्रताप व दुखियाची कस्तुरी बरोबर खेळतात, बरोबर वाढतात, आणि वाढत्या वयात व्हावयाचे तेच होते. पुढे प्रतापचे लग्न जातीतल्या मीराशी लागते. कस्तुरीलाही फाटकावरच्याच नोकरीतल्या मन्नूच्या गळ्यात बांधतात. मन्नूची पहिली बायको कजरी परत येते; ती आणि मीरा मिळून कस्तुरीला जत्रेला नेतात आणि तेथेच टाकून निघून येतात. जत्रेत दुकान मांडून बसलेला प्रताप तिला आपल्या बैलगाडीतून घरी आणावयास निघतो. इकडे मन्नूचे कान भरलेले. फाटकावर गाडी येताच तो प्रतापवर धावून जातो, रुळांवरच दोघांची जुंपते आणि लांबून आगगाडी येते. त्या दोघांना वाचविण्यासाठी कस्तुरी गाडीला सामोरी धावते व तिच्याखाली चिरडून मरते.

काढणाऱ्या मंडळींची माहितीही येथे अप्रस्तुत होणार नाही. चालक हिमांशु राय आणि त्यांच्या पत्नी देविका राणी बंगाली. स्टुडिओ मुंबईनजीक मालाडला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिचचा जर्मन, आणि छायालेखक योझेफ विर्शिंगही जर्मनच. कथा निरंजन पाल यांची. लाल-बाल-पाल या त्रयीतले बिपिनचंद्र पाल त्यांचे वडील. संगीत सरस्वती देवींचे, आणि सरस्वती देवी म्हणजे मूळच्या पारशी खुर्शीद मिनोचर-होमजी. या बाई व त्यांची बहीण बोलपटात आल्या म्हणून पारशी समाजात केवढे काहूर माजले, आणि त्यामुळेच दोघी बहिणींना परकी नावे घ्यावी लागली! ज्या स्त्रीला स्वतःच्या समाजाच्या धाकाने नाव बदलावे लागले, तिनेच कस्तुरी आणि प्रताप यांच्या त्या प्रसिद्ध युगुलगीताला चाल लावावी, यातली गंमत मला फार वाटते. प्रतापच्या भूमिकेत अशोककुमार. प्रयोगशाळेत फिल्म धुणाऱ्या या तरुणाला रायबाबूंनी जवळजवळ बळेच उभे केले होते, आणि ते अवघडलेपण पडद्यावर दिसते. देविका राणींची कस्तुरी फाटकवाल्याच्या मुलीला न शोभेल इतकी नीटनेटकी आहे. कोरीव भुवयांची फाटकवाल्याची मुलगी मी तरी पाहिलेली नाही. असो.

आता मुद्द्याकडे वळतो. आपल्या समाजात जातीची दोन कुंपणे जुनी माणसे सांगत, रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. हा बोलपट पहिले कुंपण मोठ्या धिटाईने ओलांडतो. दुखिया तापाने फणफणला असता मोहन त्याला उचलून स्वतःच्या घरी आणतो, स्वतःच्या अंथरुणावर निजवितो. मोहनवर आकस धरणारा बाबूलाल वैद्य गावाला चिथावतो, जमाव चालून येतो, घर जाळले जाते. पण मोहन मित्राला घराबाहेर काढीत नाही. त्या सालच्या प्रेक्षकाला हे दृश्य सोपे गेले नसेल. मात्र तेवढे धैर्य अगदीच एकट्याचे होते असेही नाही. आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने ‘धर्मात्मा’ काढून अंत्यजांना जवळ करणारे एकनाथ महाराज दाखविले होते आणि त्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व उभे केले होते. रोटीव्यवहाराच्या बाजूने बोलण्याची, निदान पडद्यावर तरी, त्या वेळी हवा होती. महाडचे चवदार तळे १९२७ साली आणि नाशिकचे काळाराम मंदिर १९३० साली गाजून गेले होते.

बेटीव्यवहाराची गोष्ट निराळी. तेथे हा बोलपट कुंपणापाशी येऊन उभा राहतो, आत डोकावतो आणि मागे फिरतो. प्रताप व कस्तुरी यांचे प्रेम आहे, हे आपल्याला गाण्यांतून, डोळ्यांतून पुरते कळते. पण लग्न करावे की न करावे, असा प्रश्न गावापुढे उभा राहण्यापूर्वीच दोघांची लग्ने आपापल्या जातीत उरकून टाकली जातात. मध्यंतरानंतर जो तंटा उरतो तो जातीचा उरतच नाही. संशयी नवऱ्याचा, सवतीचा, मत्सरी बायकांचा होतो. शेवटच्या मारामारीत प्रतापवर हात उगारतो तो मन्नू, म्हणजे अस्पृश्यच. कस्तुरीला जत्रेत टाकून येतात त्या दोन बायका. ज्या गावाने मोहनचे घर जाळले, ते गाव शेवटच्या प्रसंगात कोठेही नाही! कस्तुरीच्या मरणाच्या वेळी सारा गाव आपापल्या घरी शांत झोपलेला, आणि मारेकरी कोण, तर लोखंडाचे इंजिन.

हे इंजिन मला फार विचार करावयास लावते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, आणि तेव्हापासून आपल्या सोवळ्याओवळ्याला आगगाडीने दिला इतका धक्का कोणत्याही सुधारकाने दिला नसेल. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणाच्या शेजारी कोण बसला हे विचारण्याची सोय राहिली नाही. अशा त्या गाडीलाच लेखकाने येथे कामाला जुंपले, आणि समाजाने जे करावयाचे ते तिच्याकडून करवून घेतले. आणखी एक जागा पाहा. मोहनचे घर जळाले, तो जखमी झाला, तेव्हा डॉक्टर आणण्यासाठी दुखियाने झेंडी दाखवून गाडी थांबविली होती. गाडी थांबली, नियम मोडल्याबद्दल दुखियाची नोकरी मात्र गेली. ब्राह्मण मित्रासाठी बापाने गाडी थांबविली तर ती थांबते, आणि मुलगी हात पसरून धावते तेव्हा थांबत नाही. निरंजनबाबूंनी हे जाणून योजिले की नकळत घडले, कोण जाणे. पण ‘अछूत कन्या’ पुन्हा पाहताना या दोन गाड्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या.

आमच्या घरी मुलांनी हा बोलपट मोठ्या पडद्याच्या दूरदर्शन संचावर लावला होता. शेवट झाल्यावर आमच्या वहिनींनी, म्हणजे थोरल्या बंधूंच्या पत्नींनी, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “सुटली बिचारी.” कॉलेजात जाणारी नात शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मोठ्या आजी, ती सुटली की बाकीचे सुटले?” वहिनींनी उत्तर दिले नाही, आणि मीही दिले नाही, जेवणाची पाने मांडली होती. परंतु भगिनींच्या पत्राचे उत्तर शोधताना मला मुलीचे ते वाक्य पुनःपुन्हा आठवले.

कारण, प्रताप आणि कस्तुरी यांच्यापुढे १९३६ साली कोणताच मार्ग नव्हता, असे मुळीच नाही. कायद्याचा एक दरवाजा उघडा होता. १८७२ च्या विवाह-कायद्याखाली नोंदणीने लग्न करावयाचे तर वधूवरांना ‘आम्ही हिंदू नाही’ असे लिहून द्यावे लागे. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली आंतरजातीय हिंदू विवाह कायदेशीर करण्याचे बिल आणले, पण सनातन्यांच्या विरोधापुढे ते तडीस गेले नाही. पुढे सर हरिसिंग गौर यांच्या खटपटीने १९२३ साली १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धर्म न नाकारता जातीबाहेर लग्न करण्याची ब्रिटिश मुलखात सोय झाली. या सोयीची किंमत काय होती, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. असा विवाह करणारा मुलगा कायद्याने एकत्र कुटुंबातून तुटत असे. त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे. आणि बापाला दुसरा मुलगा हयात नसेल तर, हा धडधाकट जिवंत असतानाही, बापाला दत्तक घेण्याची मुभा असे. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा जिवंत असता दत्तक घेता येत नाही. तेव्हा या कलमाचा अर्थ उघड आहे. जातीबाहेर लग्न केलेला मुलगा बापाच्या लेखी मेला, असे कायदा धरून चालत होता.

बोलपटात रुळांवर एक देह पडतो, तर कायद्याच्या पुस्तकात त्याच्या तेरा वर्षे आधी एक कलम घातले जाते. मला तर दोन्ही एकाच हातचे वाटतात.

त्याच साली, म्हणजे १९३६ च्या मे महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक न झालेले भाषण स्वखर्चाने छापून काढले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले होते; भाषणाचा मसुदा पाहून मंडळ बिचकले आणि सभाच रद्द झाली. त्या भाषणात त्यांनी स्वच्छ म्हटले आहे की सहभोजनांनी जात जाणार नाही. खरा उपाय मिश्रविवाह. आणि लोक मिश्रविवाहाला कचरतात त्याचे कारण शास्त्रावरील श्रद्धा, तेव्हा घाव तेथेच घातला पाहिजे. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाला ते वाचताना ठेच लागते. पण माझ्या मते ‘अछूत कन्ये’चा शेवट समजावयास त्या भाषणाइतकी चांगली टीका दुसरी नाही. बोलपट सहभोजनापर्यंत आला, विवाहापाशी थबकला. आणि तो का थबकला, हे त्याच वर्षी एका माणसाने लिहून ठेवले होते. ज्याने लिहिले त्याने करूनही दाखविले. १९४८ च्या एप्रिलात दिल्लीत बाबासाहेबांचा विवाह सारस्वत ब्राह्मण घराण्यातील डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने झाला. त्याच पुढे सविता आंबेडकर. जुन्या स्मृतींच्या भाषेत बोलावयाचे तर हा प्रतिलोम विवाह, म्हणजे कस्तुरी-प्रतापच्या अनुलोम प्रेमापेक्षाही शास्त्राला अधिक असह्य. कोणतीही गाडी आली नाही. १९४९ साली हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारा कायदा झाला. एकत्र कुटुंबातून तुटण्याचे कलम मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही राहिले. वधूवर दोघेही हिंदू असतील तर ते लागू होणार नाही, ही दुरुस्ती व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले.

आता शूद्रकाविषयी. भगिनी म्हणतात तसे त्याने धाडस केले खरे. पण त्याच्या धाडसाचीही रचना पाहण्यासारखी आहे. वसंतसेनेचा गळा शकार दाबतो, ती मेली असे समजून चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेतात, इकडे धूता अग्निप्रवेश करावयास निघते. म्हणजे शेवटच्या अंकात तीन मरणे दारात येऊन उभी राहतात. आणि ती टळतात कशी? गावाचे मन पालटले म्हणून नव्हे, राजा पालटला म्हणून. गवळ्याचा आर्यक पालकाला मारून सिंहासनावर बसतो आणि वसंतसेनेला ‘वधू’ हे पद बहाल करतो. गणिकेची कुलवधू होण्यास राजाज्ञा लागली. शिवाय चारुदत्ताला पत्नी आहेच, आणि धूता वसंतसेनेला बहीण म्हणून कवटाळते. या जागेला देवलांच्या नाटकात प्रेक्षक टाळ्या देत, आणि त्या टाळ्यांत धूतेचे काय झाले हे कोणी विचारीत नसे. ‘अछूत कन्ये’तली मीरा धूतेसारखी वागत नाही म्हणून तिला खलनायिका ठरविले आहे, मला तिची थोडी कीव येते. नवऱ्याचे मन दुसरीकडे आहे हे कळूनही तिने तरी काय करावयाचे होते?

तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की, शूद्रकाने राजा बदलला, म्हणून त्याला शेवट गोड करता आला. बॉम्बे टॉकीजला राजा बदलणे शक्य नव्हते आणि प्रेक्षक दुखविणे परवडणारे नव्हते. राहिली कस्तुरी. तिला मारले की ब्राह्मणाचा मुलगा ब्राह्मणाच्या घरी, अस्पृश्याचा जावई अस्पृश्याच्या घरी, जो तो आपल्या जागी. आणि प्रेक्षक रडून हलका होऊन घरी जातो. एवढ्यानेही भागले नाही म्हणून तिची देवळी बांधली. जिवंतपणी जिला कोणी घरात सून म्हणून घेतले नसते, ती मेल्यावर वाटेवरची देवता झाली. आपल्याकडे हे नवे नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारापाशी आहे, देवळाच्या बाहेर. ‘अछूत कन्ये’तली देवळीही फाटकाच्या बाहेरच आहे.

याचा अर्थ बोलपट वाईट, असा कोणी घेऊ नये. १९३६ साली तेवढे दाखविणे हेही थोडे नव्हते. अस्पृश्य मुलीला नायिका करून, तिच्या दुःखावर साऱ्या देशाला रडविणारा इतका गाजलेला बोलपट त्यापूर्वी झाला नव्हता. मोहन व दुखिया यांची मैत्री तर आजही मन भरून टाकते. परंतु शेवटावरून कर्त्याची धाव कोठवर होती ते कळते.

बरोबर ८० वर्षांनी, २०१६ साली, नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ काढला. त्याच्या गाण्यांवर लग्नाच्या वरातीत नाचलेली आपल्याच घरांतली मुले शेवटाविषयी मात्र बोलत नाहीत, हे मी पाहिले आहे. पाटलांची आर्ची आणि कोळ्याच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या पारध्याच्या घरचा परशा. येथे मुलगी वरची आणि मुलगा खालचा. ती दोघे पळून हैदराबादेस जातात, कष्ट करतात, भांडतात, पुन्हा एकत्र येतात, नोंदणीने लग्न करतात, मूल होते. प्रतापला जे करण्याची लेखकाने संधीच दिली नाही ते सारे ती दोघे करतात. मग एके दिवशी आर्चीचा भाऊ व नातलग आईने दिलेला आहेर घेऊन दारी येतात. ती त्यांना चहा करून देते. पुढे काय होते ते पडद्यावर दाखविलेले नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले पोर परत येते, आईबापांचे देह पाहते आणि रडत रडत बाहेर चालू लागते. फरशीवर त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे उमटतात. संगीत नाही, आवाज नाही. भरताच्या परंपरेने रंगभूमीवर वध दाखवू नये म्हणून सांगितले, ते मंजुळे यांनी जणू अक्षरशः पाळले आहे, आणि म्हणूनच ते दृश्य सोसवत नाही.

कस्तुरीच्या शेवटापासून येथवर एकच गोष्ट बदलली आहे, आणि ती फार मोठी आहे. आगगाडी काढून टाकली आहे. मारणारे हात कोणाचे ते आता दिसते, आणि ते हात आहेर घेऊन आलेले असतात. देवळी नाही, प्रतिमा नाही. “सुटली बिचारी” असे म्हणावयास जागा ठेवलेली नाही. आमच्या वहिनी ‘सैराट’ संपल्यावर काहीच बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि आत जाऊन बसल्या.

आणि हे सारे पडद्यावरचेच, असेही नाही. २०११-१२ च्या देशव्यापी कुटुंब-पाहणीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपासच आढळले. बाबासाहेबांचे ते भाषण छापल्याला तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. आपण सुशिक्षित घरातली माणसे सहभोजनाचा प्रश्न केव्हाच सोडवून बसलो आहो. हॉटेलात शेजारी कोण बसला आहे हे आपण विचारीत नाही, आणि त्याचा आपल्याला थोडा अभिमानही असतो. मुलीच्या स्थळांची यादी करावयास बसलो की मात्र बोट पहिल्या रकान्यावरच थांबते.

ज्यांच्या घरी सोय असेल त्यांनी हा जुना बोलपट मिळवून पाहावा. त्या काळचे कितीतरी बोलपट नष्ट झाले, हा सुदैवाने शिल्लक आहे. सुनांनी, नातींनी बरोबर बसून पाहावा, आणि मध्येच उठून पाने घेऊ नयेत.

पत्रात भगिनींनी बिमल रॉय यांच्या १९५९ च्या ‘सुजाता’चाही उल्लेख केला आहे. तेथे ब्राह्मणाच्या घरी वाढलेल्या अस्पृश्य मुलीचे ब्राह्मण मुलाशी लग्न होते, शेवट गोड आहे. पण तो गोड होण्यापूर्वी तिला सांभाळणाऱ्या आईसाठी आपले रक्त द्यावे लागते. त्याविषयी पुढील अंकी.